अंगावरचे बळ आणि अंगातले बळ



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा माझे उत्तर ऐकून ते क्षणभर थबकले. सैनिकाचे बळ यंत्राने, औषधाने किंवा शस्त्रक्रियेने वाढवायचे आणि त्यासाठी सरकारी तिजोरीतून पैसा द्यायचा, हा विषय कामशेतच्या श्रोत्यांपुढे कशाला, असे त्यांच्या मनात आले असावे. त्यांची शंका रास्त आहे. परंतु 'मावळा' हा शब्द ज्या मातीतून निघाला त्याच मातीत आपण बसलो आहोत. पलीकडे लोणावळ्याला आरमाराचे 'शिवाजी' हे शिक्षणकेंद्र १९४५ पासून आहे, अलीकडे देहूरोडला दारूगोळ्याचा कारखाना आहे, आणि या दोहोंच्या मधल्या गावांतून किती घरची मुले फौजेत आहेत हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. ज्यांच्या अंगावर प्रयोग व्हायचा आहे त्यांची घरे येथे आहेत. मग हा विषय येथे बोलायचा नाही, तर कोठे बोलायचा?

प्रथम एक खुलासा करतो. मी शास्त्रज्ञ नव्हे, सेनाधिकारीही नव्हे. माझी सारी नोकरी संरक्षण खात्याच्या हिशेबात गेली. तेव्हा मी जे बोलणार आहे ते हिशेबनिसाच्या दृष्टीने. हिशेबनिसाला एक सवय असते. खर्चाची पहिली ओळ पाहिली की शेवटची ओळ कोठे आहे, हे तो शोधू लागतो. आजचे माझे सारे म्हणणे त्या शेवटच्या ओळीविषयी आहे.

बळ वाढविण्याची गोष्ट नवी नाही. पावसाळा लागला की नाणे मावळात आणि पवन मावळात भातलावणीला वाकलेल्या बायकांच्या पाठीवर इरले दिसते. आता पानांच्या जागी प्लॅस्टिक आले, पण युक्ती तीच. पाऊस अंगावर येत नाही आणि दोन्ही हात रोपे लावायला मोकळे राहतात. निसर्गाने माणसाला कासवाची पाठ दिली नाही, ती त्याने कामट्यांची करून घेतली. हमालाची किंवा पाणी आणणाऱ्या बाईची चुंबळ हीही तीच गोष्ट. लढाईतले उदाहरण हवे असेल तर १६५९ सालचा प्रतापगड आठवा. अंगरख्याखाली चिलखत होते आणि वाघनखांची कथा तर घरोघर माहीत आहे. ज्याला वाघाचा पंजा नाही त्याने तो पोलादाचा करून बोटांत घातला. आणि आजचे पाहायचे तर कामशेतच्या डोंगरावरून सुट्टीच्या दिवशी कापडी पंख लावून माणसे उडतात, खाली उतरली की पंखांची घडी घालून पिशवीत भरतात आणि चहा प्यायला जातात.

या सगळ्या साधनांत एक गुण समान आहे. काम झाले की ती उतरवून ठेवता येतात. संध्याकाळी इरले भिंतीला टेकवून ठेवले की बाई पुन्हा घरची बाई होते. हा गुण मनात धरून ठेवा. पुढे त्याचे काम पडेल.

आता दुसरी गोष्ट. गेलेले भरून काढणे वेगळे आणि असलेले वाढविणे वेगळे. पुण्यात वानवडीला सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र आहे. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४४ साली ते निघाले. सुरुंगावर पाय गेला, गोळ्याने हात गेला, अशा जवानांना तेथे पुन्हा उभे केले जाते. सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून पंगू झाले. त्याच गृहस्थांनी १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले. १९७१ च्या युद्धात इयान कार्डोझो यांनी सुरुंगाने छिन्नभिन्न झालेला आपला पाय स्वतःच्या खुकरीने तोडला, आणि पुढे कृत्रिम पायावर उभे राहून पलटणीचे नेतृत्व केले. अशा माणसांसाठी लागेल तितका पैसा द्यावा, याविषयी या सभेत दुमत होणार नाही. ज्याने देशासाठी पाय दिला त्याला पाय देणे हे ऋण फेडणे आहे.

परंतु ज्याचे दोन्ही पाय शाबूत आहेत त्याला तिसऱ्या पायाचे बळ द्यायचे, हा निराळा प्रश्न आहे. त्यात काही वाईटच आहे, असे मात्र मी म्हणत नाही. 'शरीर जसे आहे तसेच राहू द्यावे' हा युक्तिवाद फार टिकत नाही. भरती झालेल्या प्रत्येक जवानाला लसी टोचल्या जातात, म्हणजे निसर्गाने न दिलेली प्रतिकारशक्ती त्याला दिली जाते. रात्री पाहण्याची दुर्बीण डोळ्याला लावली की त्याला घुबडाची नजर येते. याला कोणी हरकत घेतलेली मला ठाऊक नाही. तेव्हा वाढविणे आणि न वाढविणे यांच्यामध्ये रेघ मारून भागणार नाही. रेघ दुसरीकडे कोठे तरी मारावी लागेल.

ती कोठे, हे ठरविण्यापूर्वी जगात काय चालले आहे ते थोडे पाहू. अमेरिकेत १९६५ च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिक कंपनीने लष्कराच्या पैशावर 'हार्डिमन' नावाचे एक धूड बांधावयास घेतले. माणसाने त्यात शिरून हात हलविला की यंत्राचा हात हलावा आणि सुमारे सातशे किलोचे ओझे सहज उचलले जावे, अशी कल्पना होती. यंत्राचे स्वतःचेच वजन तितके झाले. कशीबशी एका हातापर्यंत मजल गेली. सारे अवयव एकदम चालवू म्हटले की ते बेभान हिसके देई, त्यामुळे आत माणूस बसवून ते कधी पुरते चालविलेच नाही. पुढे २००१ साली अमेरिकेच्या 'डार्पा' या संस्थेने याच कामाला नव्याने पैसा दिला. २०१३ साली 'टालोस' नावाच्या पोलादी पोशाखाची मोठी घोषणा झाली. २०१९ साली ते काम आवरते घेतले गेले. सबंध पोशाख झाला नाही, त्याचे काही सुटे भाग तेवढे उपयोगी पडले.

अडचण काय आहे, ती सांगतो. अंगाबाहेर बांधलेला हा सांगाडा ओझे पाठीवरून उचलून आपल्या पायांवाटे जमिनीत सोडतो, म्हणजे जवानाच्या कण्याला आणि गुडघ्याला आराम मिळतो. पण सांगाड्याची मोटर चालवायला बॅटरी हवी आणि बॅटरीलाही वजन असते. शिवाय माणसाची चाल ही मोठी अजब चीज आहे. सपाटीवर एक, चढावर दुसरी, निसरड्या उतारावर तिसरी. यंत्राचे पाऊल क्षणभर मागे राहिले तरी ते मदत करण्याऐवजी अडवू लागते. लोहगडाची वाट पावसाळ्यात उतरलेल्या माणसाला हे अधिक समजावून सांगायला नको.

आपल्या देशातही हे काम चालू झाले आहे. संरक्षण संशोधन व विकास संघटना, म्हणजे डीआरडीओ, १९५८ सालची. तिची बंगळूरला एक प्रयोगशाळा आहे. सैनिकाचे शरीर आणि त्याला लागणारी वैद्यकीय साधने यांचा ती अभ्यास करते. एप्रिल २०२४ मध्ये तिने अशा सांगाड्यांविषयी आंतरराष्ट्रीय चर्चासत्र भरविले. पैशाच्या वाटाही रुंद झाल्या आहेत. २०१८ साली 'आयडेक्स' ही योजना निघाली, तीतून लहान नव्या कंपन्यांना संरक्षणाच्या कामासाठी अनुदान मिळते. २०२२ साली तंत्रज्ञान विकास निधीची एका प्रकल्पामागची मर्यादा १० कोटींवरून ५० कोटींवर नेली. त्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात संरक्षण संशोधनाच्या रकमेचा चौथा हिस्सा खाजगी उद्योग, नव्या कंपन्या आणि विद्यापीठे यांच्यासाठी खुला केला. म्हणजे उद्या पुण्याच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली चार मुलेमुली जवानाच्या गुडघ्याला जोडायचे यंत्र सरकारी पैशावर करू लागली, तर आश्चर्य मानू नका.

त्यांनी ते करावे, असेच मी म्हणेन. १९८४ पासून सियाचीनवर आपले जवान आहेत. अठरा हजार फुटांच्या वर, काही चौक्या वीस हजारांच्याही वर. तेथे शत्रूच्या गोळीपेक्षा थंडीने, हिमकड्यांनी आणि विरळ हवेने अधिक माणसे घेतली आहेत. तेथे दहा पावले टाकली की दम लागतो, आणि तरी पाठीवर ओझे असते. त्या पाठीवरचा भार कोणी शास्त्रज्ञाने हलका केला, तर त्याच्या कामाला दिलेला पैसा वाया गेला असे मी कधीही म्हणणार नाही. शिवाय शेजारी हे करीत असता आपण स्वस्थ बसावे, असे सांगण्याचा अधिकार खुर्चीत बसणाऱ्या माणसाला नाही.

मग काळजी कशाची? काळजी अंगावरच्या बळाची नाही, अंगातल्या बळाची आहे.

१९४० सालच्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत जर्मन भूदलाला आणि विमानदलाला 'पर्व्हिटिन' या झोप घालविणाऱ्या औषधाच्या साडेतीन कोटी गोळ्या पुरविण्यात आल्या. फौजा रात्रंदिवस चालत राहिल्या. पुढच्याच वर्षी त्या सरकारला त्या गोळीवर निर्बंध घालावे लागले, कारण झोपेचे कर्ज शरीर व्याजासह वसूल करते आणि सवय काही सुटत नाही. ही झाली हुकूमशाहीतली गोष्ट. लोकशाहीतलीही ऐका. एप्रिल २००२ मध्ये कंदाहारजवळ एका अमेरिकन विमानाने मित्रराष्ट्राच्याच, कॅनडाच्या, सैनिकांवर बॉम्ब टाकला आणि चार जवान मेले. चौकशीत वैमानिकांच्या वकिलांनी त्यांना दिल्या गेलेल्या जागरणाच्या गोळ्यांकडे बोट दाखविले. चूक गोळीची की माणसाची, हा वाद मी सोडवू शकत नाही. पण असा वाद उभा राहू शकला, हेच मला पुरेसे वाटते. बंदूक चुकली तर ती तपासता येते. माणसाची विचारशक्तीच औषधाने हलविली असेल, तर जबाबदार कोणाला धरायचे?

आता गोळीच्याही पुढचा टप्पा आला आहे. डार्पाने २०१८ साली असे काम हाती घेतले की, धडधाकट सैनिकाच्या मेंदूतील लहरी शस्त्रक्रियेवाचून वाचाव्या आणि त्यावरून यंत्रे चालवावी. २०२१ साली ब्रिटन आणि जर्मनी यांच्या संरक्षण खात्यांनी मिळून एक अहवाल काढला. जहाज किंवा विमान पाहावे तसे माणसाकडेही साधने जोडावयाचा पाया म्हणून पाहावे, अशी त्यातली मांडणी आहे. जहाज मोडीत निघते, बंधुहो. माणूस निवृत्त होऊन कामशेतला परत येतो.

येथे मला माझ्या टेबलावरची एक हकीकत सांगू द्या. नाणे मावळातला एक निवृत्त हवालदार माझ्याकडे कागद घेऊन आला. अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज होता. त्यात एक प्रश्न असतो: व्याधी नोकरीमुळे झाली किंवा नोकरीमुळे बळावली, हे सिद्ध आहे काय? त्याच्या गुडघ्यांची वाट लागली होती. तो म्हणाला, "साहेब, चढताना काही होत नाही, उतरताना कळ येते. बारा वर्षे डोंगरात ओझे वाहिले. आता ह्याचा पुरावा कुठून आणू?" कागद अपुरा होता. मी तो नियमावर बोट ठेवून परत केला. तो काही न बोलता उठला आणि जिना उतरू लागला, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवीत. मी खिडकीतून पाहत होतो. नियम मी केला नव्हता, पण कागद परत करणारा हात माझा होता. ती पावले मला अजून आठवतात.

पुढे २०१३ साली धरमवीर सिंग या जवानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, भरतीच्या वेळी व्याधीची नोंद नसेल तर जवान निरोगीच होता असे धरावे, आणि नंतरची व्याधी नोकरीमुळे नाही हे दाखविण्याचा भार जवानावर नव्हे, सरकारवर असावा. निर्णय न्यायाचा आहे. पण विचार करा. ओझे डोळ्यांना दिसते, डोंगर नकाशावर असतो, तरीही एका गुडघ्याची कथा सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावी लागते. मग वीस वर्षांपूर्वी घेतलेली गोळी, किंवा मेंदूशी जोडलेले एखादे गुप्त यंत्र, यांच्यामुळे साठाव्या वर्षी झोप उडाली, हात थरथरू लागला, स्वभाव पालटला, तर तो म्हातारा कोणत्या खिडकीवर कोणता कागद दाखविणार? त्याची घरची बाई काय सांगणार?

कोणी म्हणेल, जवानाची संमती घ्यावी म्हणजे झाले. संमती हा शब्द दवाखान्यात ठीक आहे. तेथे रोगी उठून दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ शकतो. फौज हुकमावर चालते आणि तिने तसेच चालले पाहिजे. सुभेदारसाहेबांनी 'कोण तयार आहे' म्हणून विचारले आणि रांगेतले सारे एक पाऊल पुढे आले, तर मागे राहणाऱ्या एकट्याची काय अवस्था होईल, हे शाळेत कवाईत केलेल्या मुलालाही कळते. जेथे 'नाही' म्हणण्याची किंमत फार मोठी असते, तेथल्या 'हो'चे मोल फारसे नसते.

आता हिशेबाची वही उघडतो. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपये धरले होते. त्यात डीआरडीओच्या वाट्याला सुमारे २६ हजार ८१७ कोटी, आणि निवृत्तिवेतनासाठी सुमारे १ लाख ६० हजार ७९५ कोटी, म्हणजे संशोधनाच्या जवळजवळ सहा पट. ३४ लाखांहून अधिक माणसांना त्यातून निवृत्तिवेतन मिळते. पुष्कळ विद्वान ही ओळ पाहून कपाळाला हात लावतात, इतका पैसा निवृत्तांवर जातो म्हणून. मला ती वहीतली सर्वांत प्रामाणिक ओळ वाटते. जवानाचे शरीर आपण वापरले, त्याची किंमत आपण आजही देतो आहोत, असे ती सांगते. संशोधनाची ओळ पहिली आहे, ही शेवटची. जो प्रकल्प पहिल्या ओळीत शिरतो आणि शेवटच्या ओळीत आपला खर्च दाखवीत नाही, त्याचा हिशेब अपुरा आहे. मी तो कागद परत करीन. हवालदाराचा परत केला होता तसाच.

म्हणून सरकारी पैसा देताना तीन अटी असाव्यात, असे माझे मत आहे.

पहिली अट, जे साधन संध्याकाळी उतरवून ठेवता येते त्याला सढळ हाताने पैसा द्यावा. जे रक्तात, नसांत किंवा मेंदूत उतरते आणि निघत नाही, त्याला धडधाकट जवानासाठी पैसा देऊ नये. जखमी जवानाचे तसे नाही. त्याला गेलेला हात मेंदूच्या इशाऱ्यावर हलविता येत असेल तर तो अवश्य द्यावा. फ्रान्सच्या संरक्षण खात्याच्या नीतिसमितीने २०२० च्या डिसेंबरात अशा संशोधनाला वाट मोकळी केली, पण ज्याने जवानाला नागरी जीवनात परतणे अवघड होईल ते करू नये, अशी मर्यादाही घातली. मला ती मर्यादा आपल्याकडच्या रीतीला धरून वाटते. आपण मुलगा फौजेत पाठवितो तो परत येण्यासाठी.

दुसरी अट, जे काही जवानाला दिले ते त्याच्या आरोग्यपत्रात त्याच दिवशी लिहिले जावे, आणि ते पत्र निवृत्तीच्या दिवशी त्याच्या हाती पडावे. गुप्तता यंत्राची ठेवा, जवानाच्या शरीराची त्याच्याचपासून ठेवू नका. पुढे व्याधी झाली तर तो पुरावा शोधत फिरणार नाही. आणि प्रकल्पाला मंजुरी देताना त्याच कागदावर पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या औषधपाण्याची तरतूद लिहिलेली असावी.

तिसरी अट, सरकारी पैशावर झालेले साधन बराकीतच अडकून राहू नये. पाठीचा भार हलका करणारे यंत्र झाले, तर ते बाजारातल्या हमालाला, लावणीला वाकणाऱ्या बाईला आणि अपघातात पाय गेलेल्या कामगारालाही परवडेल अशा किमतीत मिळावे. पैसा त्यांच्याही खिशातला असतो. काडेपेटीवर कर देणारा माणूस संशोधनाचा भागीदार आहे.

एक आक्षेप उरतो आणि तो जड आहे. शत्रूने अशा अटी पाळल्या नाहीत तर? तो आपल्या सैनिकांना न झोपणारे, न भिणारे करील, आणि आपण आरोग्यपत्रे भरीत बसू. याचे सोपे उत्तर माझ्यापाशी नाही. पण दोन गोष्टी सांगतो. न झोपणाऱ्या फौजेचे काय होते ते १९४० नंतरच्या वर्षांनी दाखविले आहे. तिचा वेग पहिल्या आठवड्यांत दिसतो, किंमत मागाहून. आणि दुसरे, १७७९ च्या जानेवारीत येथून थोड्या अंतरावर वडगावला इंग्रजांची फौज अडली आणि तिला तह करावा लागला. शिस्त आणि तोफा यांत ती कमी नव्हती. पण तिची रसद तोडली, वाटेतली गावे ओस पाडली, पाणवठे बुजविले, आणि घाट चढून आलेली ती फौज उपाशीतापाशी उभी राहिली. डोके शाबूत असलेली, मुलूख ओळखणारी माणसे पलीकडे होती. ते शाबूत डोके हेच जवानाचे मोठे शस्त्र आहे. त्याला मदत करावी, त्यात हात घालू नये.

जून लागला की इरली बाहेर निघतील. त्याच सुमारास भरतीसाठी पहाटे रस्त्याने धावणारी पोरेही तुम्हांला दिसतील. त्यांतल्या कोणाच्या पाठीवर उद्या यंत्र चढेल, ते चढो. संध्याकाळी ते उतरले पाहिजे, आणि खाली तोच पोरगा असला पाहिजे, जो आईने पाठविला होता. तुमच्या भागातले लोकप्रतिनिधी मते मागायला येतील तेव्हा रस्ता, पाणी यांच्याबरोबर हाही एक प्रश्न त्यांना विचारा: जवानावर होणाऱ्या खर्चाची शेवटची ओळ लिहिली आहे काय?